दारातून विचारलेला प्रश्न

आत्या,

मंगळवारी तुझा जलदानविधी झाला. वंदना झाली, भंतेजी बोलले, मग गल्लीतले एकेक जण उठून बोलले. हसतमुख होती म्हणाले. एवढ्या दुखण्यात कधी कुरकुर केली नाही म्हणाले. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे कोणाबद्दल चाललंय? तू आणि कुरकुर नाही? उठल्यापासून झोपेपर्यंत तुझं चालूच असायचं. चहात साखर कमी, कात्रीला धार कमी, माझ्या अंगावर मांस कमी, आणि टीव्हीतल्या बायकांच्या ब्लाऊजची बाही तर कधीच धड नाही.

मग मला म्हणाले, वैशाली, दोन शब्द बोल. तुझ्या हाताखाली वाढलेली, मीच बोलणार. उठले, माईक हातात घेतला आणि तसाच परत देऊन खाली बसले. लोकांना वाटलं, पोरीचा कंठ दाटला. तसं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते भरल्या मंडपात बोलण्यासारखं नव्हतं. ते तुलाच सांगायचं आहे आणि ते फार दिवस राहून गेलंय.

आपल्या घरचा नियम बाहेरच्या माणसाला सांगितला तर त्याला आपण वेड्यांत काढल्यासारखं वाटेल. तुझ्याकडे यायचं तर उंबऱ्याबाहेर थांबायचं. मोठ्याने "जयभीम आत्या" म्हणायचं. आतून "जयभीम, ये" आलं की मगच आत पाऊल टाकायचं. उत्तर आलं नाही तर आत जायचं नाही. तू दहा वर्षांची असताना एका मैत्रिणीने मागून येऊन तुझे डोळे झाकले होते, ओळख बघू म्हणून. तू दचकलीस, झटक्यात वळलीस आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. त्या दिवशी आजीने नियम केला आणि गल्लीने तो असा पाळला, की पुढे पुढे कारण कुणाला ठाऊक नव्हतं तरी पाळणं चालूच होतं. पोस्टमन पाळायचा, मतं मागायला येणारे पाळायचे. शाहीनभाभी नव्या नवरी होऊन शेजारी आल्या तेव्हा सासूने त्यांना चूल कुठे, पाणी कुठे हे दाखवायच्या आधी हा नियम सांगितला होता. त्या भिंतीशी येऊन "आत्या, आऊँ क्या?" म्हणायच्या आणि तू "आव आव" म्हणायचीस.

कुणी तुला हात लावायचा नाही, सगळं काम आवाजाने करायचं, असं आपलं घर होतं.

ठिसूळ हाडं भाऊंना थोडी मिळाली, तुला फार, आणि मला मधली. भाऊ म्हणजे माझे वडील, तुझे थोरले, आणि मास्तर असल्यामुळे अख्ख्या कुंभार पिंपळगावचेही भाऊच. तिघांच्याही डोळ्यांचा पांढरा भाग निळसर. शाळेत पोरी मला विचारायच्या, डोळ्यांत नीळ घालती का गं? मी रडत घरी आले तर तू सुईत दोरा ओवता ओवता म्हणालीस, "त्यायला म्हणाव, आमच्या घरात सगळ्यायचेच असे हायेत. बाजारात भेटत न्हाईत."

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तू मला कधी कडेवर घेतलं नाहीस. घेता आलंच नसतं. तूच चार फुटांच्या आतली, पाय वाकडे, हात वाकडा. मला इकडून तिकडे न्यायचं असलं की गोधडीवर बसवायचीस आणि गोधडी ओढायचीस, तीही बसूनच, मागे सरकत सरकत. माझा पाय पहिल्यांदा मोडला तेव्हा भाऊ भिंतीकडे तोंड करून रडत होते. तू मला विचारलंस, "वाजलं का गं?" मी म्हटलं, हो. "कसं वाजलं?" कट्ट वाजलं. "मंग मोडलंय. रडून घे जल्दी, दवाखान्यात रडायला टाइम भेटत न्हाई." आणि मी खरोखर घाईघाईने रडून घेतलं. आजही कुठे वेदना झाली की मी आधी कान देते, काही वाजलं का म्हणून. हे तूच शिकवलेलं.

हाडं मोडक्या दोन बायका, त्यातली एक पाच वर्षांची, आणि तरी घर चालत होतं. तू मशीनला मोटर बसवून घेतलीस, पायाने मारायची गरज नको म्हणून. पेडलवर नुसता अंगठा टेकवायचीस. तुझ्या हातचा ब्लाऊज घालायला तीर्थपुरीहून बायका यायच्या. माप घ्यायला त्यांना तू जमिनीवर बसवायचीस आणि स्वतः स्टुलावर. मोठ्या मोठ्या घरच्या बायकासुद्धा गपगुमान मांडी घालून तुझ्यासमोर बसायच्या, ते बघायला मला फार आवडायचं.

तुला ऐकू येईनासं झालं ते नक्की कधी, हे मी आता मागे जाऊन जाऊन शोधते. सापडत नाही. कारण तू हळू बोलायचीस. बहिरं माणूस ओरडून बोलतं हे सगळ्यांना माहीत, आणि तुझा आवाज तर वर्षागणिक बारीक होत गेला होता. मग कुणाच्या मनात कसं येणार? बोलायचीस मात्र जास्त. समोरच्याला तोंड उघडायला जागा म्हणून द्यायची नाहीस. आम्ही हसायचो, आत्याची गाडी सुरू झाली म्हणायचो. आता कळतं, जोवर तू बोलत होतीस तोवर तुला ऐकावं लागत नव्हतं. समोर बसलेल्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचीस, तेही मला तुझं जुनं लक्ष देऊन ऐकणंच वाटायचं. फोन उजव्या कानाला दाबून धरलास की तुला ऐकू येत होतं. मग आणखी काय पुरावा हवा?

आणि बायका परत जाऊ लागल्या. यायच्या, उंबऱ्याशी उभ्या राहायच्या, "जयभीम आत्या" म्हणायच्या. तू दाराकडे पाठ करून शिवत असायचीस. आतून काही येत नसे. नियम तो नियम. थोडं थांबायच्या, पुन्हा एकदा म्हणायच्या आणि ब्लाऊजपीस तसंच काखेत मारून निघून जायच्या. दुसऱ्या कुठल्याही घरी आत जाऊन खांद्याला हात लावला असता, झालं असतं. तुझ्या खांद्याला हात लावायचा नाही हे मात्र साऱ्या गावाच्या अंगात मुरलेलं. बाजारात मला एकजण म्हणाली, "तुमच्या आत्याला लई गर्व आला बघा, जयभीमचं उत्तर देईना." आणि तुझं वेगळंच. तू म्हणायचीस, "बाया आता रेडिमेड घालून राह्यल्या. आता कोण येतंय."

भाऊ गेले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. हे सांगायला मी एवढे कागद काळे करते आहे.

मला दिवस गेले होते. दुसरा महिना. तुझे जावई कारखान्यावर ड्यूटीला होते, अंकुशनगरच्या क्वार्टरमध्ये मी दोन दिवस एकटी तपासणीच्या कागदाकडे बघत बसले होते. डॉक्टरबाईंनी माझे डोळे बघितले, जुने एक्सरे बघितले आणि सांगितलं, बाळाला हेच असण्याची शक्यता निम्मी निम्मी आहे. यांना विचारलं तर म्हणाले, "हाडं तुझी, अंग तुझं. तू म्हणशील ते." चांगला माणूस आहे, पण त्या वेळी मला त्याचा राग आला. मला कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि ते सांगण्याचा हक्क जगात एकाच माणसाला होता, असं माझं मत होतं.

सकाळी तुला फोन केला, येते म्हणाले. तू म्हणालीस, ये ये. तीर्थपुरीत गाडी बदलून दुपारी पिंपळगावात उतरले. दाराशी आले. तू मशीनवर होतीस, पाठमोरी. "जयभीम आत्या, मी वैशू," म्हणाले. तुझं उत्तर आलं नाही, पण मला वाटलं, मी येणार हे तुला माहीतच आहे, मशीन चालू आहे, मान हलवली असशील. आत यायला पाय उचलला नाही. नियमाने नव्हे, आत्या. तुझं तोंड समोर असतं तर मला विचारता आलं नसतं. पाठ होती म्हणून धीर झाला. मी चौकट धरून उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं. मला दिवस गेलेत. तुझ्यामाझ्यासारखंच झालं तर? ठेवू का? तू सांगशील ते करीन.

माझं बोलणं संपलं आणि मशीन थांबलं.

तू पेडलवरून पाय काढलास. मान खाली केलीस. दोरा तोडलास. कापडावर हात ठेवून तशीच बसून राहिलीस, थोडा वेळ. मी तुझ्या पाठीकडे बघत होते. मग तू कापड वळवलंस आणि मशीन पुन्हा सुरू केलंस.

यापेक्षा स्पष्ट उत्तर माणूस ते काय देणार? मी उलट पावली स्टँडवर आले. गाडीत खिडकीशी बसून विचार करत राहिले आणि मला वाटलं, बरोबर आहे तिचं. तोंडाने कसं म्हणेल ती, नको म्हणून? जी स्वतः अशी जगली ती दुसऱ्याला या वाटेवर ये कसं म्हणेल? आणि मग त्याच्या पुढचा विचार आला, तो फार वाईट होता. म्हणजे हिला हे जगणं नकोच होतं. मला गोधडीवरून ओढत फिरवलं, माझी हाडं जपली, ते सगळं नाइलाजाने. आपल्यासारखी माणसं जन्मालाच येऊ नयेत, असं हिला आतून वाटत आलंय.

पुढच्या आठवड्यात मी दवाखान्यात जाऊन मोकळी झाले. मोकळी हा शब्द बायका वापरतात म्हणून लिहिला.

निर्णय माझा होता. कायद्याने माझा, अंगाने माझा, आणि तो घेतला म्हणून मी स्वतःला फाशी देणार नाही. पण मी तो तुझ्या नावावर टाकला. तुझं उत्तर पाळलं असं मनाशी धरलं आणि वर त्या उत्तराबद्दल तुझ्यावरच फुगून बसले. त्या संध्याकाळपासून तुझे फोन आले ते उचलले नाहीत. मग तूही करायची थांबलीस. वर्ष गेलं. भीमजयंतीला आले तेव्हा लोकांत बसून दोन वाक्यं बोललो आपण, तीही उन्हाबद्दल. माझ्या नाकावरचा राग तुला माहीत. तुझ्याकडूनच आलेला, हाडांबरोबर.

मग गल्लीत तुला टेंपोचा धक्का लागला. तो मागून येत होता, तू वॉकर घेऊन पुढे चालली होतीस. मांडीचं हाड गेलं. लोकांनी ड्रायव्हरला धरलं तर तो बिचारा रडकुंडीला येऊन सांगत होता, "केव्हाचा हॉर्न वाजवून राह्यलो, मावशी हटायलाच तयार न्हाईत." कुणी त्याचं ऐकून घेतलं नाही. मी जालन्याच्या दवाखान्यात धावत आले, तुझ्या पलंगाशी बसले आणि वर्षभराचा राग कुठे गेला ते कळलं नाही. तुझा पाय वजन लावून टांगलेला, आणि तू मला बघून म्हणालीस, "आलीस? ह्या बाईनं चहात बिलकुल साखर टाकली न्हाई बघ."

ओळखलं ते वॉर्डातल्या सिस्टरने. पाठीमागून गोळ्या घ्या गोळ्या घ्या म्हणून तिने चारदा सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "यांना ऐकू येत नाही का?" मी चिडले. म्हटलं, चांगलं ऐकू येतं, मनात असलं की. आत्या, मी हे वाक्य बोलले. सिस्टरने तुझ्या डोक्यामागे जाऊन नुसत्या टाळ्या वाजवल्या. तू माझ्याकडे बघत राहिलीस.

पाय सुटल्यावर आपण कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या बंद खोलीत तुला हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. तू आतून विचारलंस, "बाई, शिट्टी तर कानात सारखीच वाजून राह्यली, दाबून धरू का?" तपासणारी मुलगी हसली आणि मग हसायची थांबली. डॉक्टरांनी तुझे डोळे बघितले, हात बघितले. म्हणाले, हा त्याच आजाराचा भाग आहे. कानातही तीन इवली हाडं असतात, आवाज पुढे ढकलणारी. तीही तशीच कच्ची. आणि आता आतली नसही थकली आहे. अशा माणसांना स्वतःचा आवाज आतून मोठा ऐकू येतो, म्हणून ती हळू बोलतात. तू त्यांचं तोंड वाचून सगळं समजून घेतलंस आणि कपाळाला हात लावलास. "म्हंजे तिथंबी हाडंच? एक जागा सोडली न्हाई यानं. आता तिथं पिलास्टर कसं घालावं?"

इतकी वर्षं किती दवाखाने झाले, किती एक्सरे. हाडांच्या डॉक्टरांनी हाडं बघितली. कानाचं कुणी विचारलं नाही आणि आपणही सांगितलं नाही. भाऊंचा टीव्ही शेवटी शेवटी गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचा, मी त्यांच्याशी भांडायचे, म्हातारपण म्हणून सोडून दिलं. तेही हेच होतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून कमी येतं? तू बोटांवर हिशेब केलास आणि म्हणालीस, "आमचे भाऊ वारले ना, त्याच्या आधीपासून. समोरून बोललं तं समजतं. मागून कुणी बोललं तं बिलकुल न्हाई."

भाऊ वारले त्याच्या आधीपासून.

 डॉक्टर कानाच्या मशीनचे प्रकार सांगत होते, मी मान हलवत होते. ती दुपार माझ्यासमोर पुन्हा उभी राहिली. तू शिवण संपली म्हणून थांबली होतीस. दोरा तोडायचा होता म्हणून मान खाली केलीस. कापडावर हात फिरवून टाका बघितलास. आणि दुसरी बाजू शिवायला घेतलीस. बस. एवढंच झालं होतं. तू मला पाहिलं नव्हतंस, ऐकलं नव्हतंस, मी आले होते हेच तुला माहीत नव्हतं. आणि मी त्याला उत्तर समजून घरी गेले होते.

त्या दिवशी रिक्षात बसल्यावर तुला सांगायला हवं होतं. पण तुझ्या कानात नवी मशीनं होती आणि तू लहान पोरीसारखी डॉक्टरांच्या कागदाची पिशवी चुरगाळून बघत होतीस. घरी येऊन कात्री उचललीस, एक चिंधी कापलीस आणि म्हणालीस, "ही बोलती गं अजून." तुझ्या त्या तोंडाकडे बघून मी कशी सांगणार होते? तुझ्या कानांमुळे काय झालं, हे सांगणं म्हणजे तुझ्या अंगावर आणखी एक मोडलेलं हाड टाकणं. पुढच्या वेळी सांगू म्हणाले. मग पुढच्या वेळी पुन्हा पुढच्या वेळी.

त्यानंतर आपल्याला दीड वर्ष मिळालं आणि त्याचं आपण काय केलं? भांडलो. शिवायला बसलीस की मशीनं काढून सुयांच्या डबीत ठेवायचीस, मोटर डोक्यात घणघण करते म्हणून. मी म्हणायचे, घालायची नव्हती तर घेतली कशाला? ऑपरेशनवरून तर आपण दोन महिने भांडलो. डॉक्टर म्हणाले होते, मोठ्या शहरात होतं, पण अशा हाडांत खात्री देता येत नाही. मी म्हणत होते, करून बघू. तू म्हणालीस, "तेवढीच हाडं ऱ्हायलीत ज्यायला कुणाचा हात लागला न्हाई. तेवढी तरी राहू दे." ते भांडण अजून मिटलेलं नाही. मला अजूनही वाटतं, दाखवायला तरी जायला हवं होतं. तू नसताना हे बोलून काय उपयोग, पण वाटतं.

एक मात्र तू जिंकलीस. माझ्या मागे लागून लागून मला त्या काचेच्या खोलीत बसवलंस. माझ्या डाव्या कानाची सुरुवात झालेली आहे. तू रिपोर्ट हातात घेऊन उलटासुलटा बघितलास आणि म्हणालीस, "लवकर समजलं, बरं झालं. माझ्यासारखं भिंतीशी बोलत बसू नको." यांना मी आता सांगून ठेवलंय, समोर येऊन बोलत जा. तुझ्यामुळे मला हे वेळेत कळलं. त्याचे आभार मानायचे राहिले, ते मानते.

शेवटी छाती भरली. तुझ्या वाकड्या बरगड्यांत श्वासाला जागाच कुठे होती. अतिदक्षता विभागात नेताना त्यांनी तुझी कानांची मशीनं काढून एका पिशवीत घालून माझ्या हातात दिली. आत सगळ्यांच्या तोंडावर मास्क. ऐकूही येईना आणि तोंडही दिसेना, अशी तू तिथे तीन दिवस पडून होतीस. मला पाच मिनिटं सोडलं. मी माझा मास्क खाली ओढला. तू लगेच माझ्या ओठांकडे बघायला लागलीस. वाट बघत होतीस, मी काय बोलते त्याची. मशीनं माझ्या पर्समध्ये होती, ती मी लावू शकले असते. नुसत्या ओठांनीही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "बरी होशील." तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

एवढंच असतं तर हा माझाच एकटीचा गुन्हा राहिला असता आणि मी तो सोसलाही असता. पण काल शाहीनभाभी आल्या. तुझं कपाट आवरायला मदत करते म्हणाल्या. ब्लाऊजपीसांच्या घड्या घालता घालता थांबल्या.

"वैशू, एक बात सांगू का? आत्यानं कसम घातल्ती, पण आता ती गेली."

"सांगा ना भाभी."

"तुझे मालक एकदा गहू घेऊन आल्ते. त्यायला वाटलं, आत्याला मालूम असंल. समोर बसून बोलले, वैशूचं दवाखान्याचं असं असं झालं, आता तब्येत बराबर हाय. आत्या त्यायच्यासमोर एक शब्द बोलली न्हाई, चहा केला. ते गेल्यावर भिंत धरून धरून माझ्याकडं आली. लई रडली. मी एवढं रडताना तिला कधी पाहिलं न्हाई, हाड मोडल्यावरबी न्हाई."

मी हातातली घडी खाली ठेवली. भाभी म्हणाल्या, "म्हणली, भाभी, असं लेकरू कसं सांभाळायचं ते माझ्याइतकं कुणाला येतं? अन् पोरीनं मला विचारलंसुद्धा न्हाई. येती म्हणून फोन केल्ता त्या दिवशी, म्या धपाटे करून ठेवल्ते, वाट बघितली. आली न्हाई. तिकडच्या तिकडं उरकून टाकलं."

"तुम्ही विचारलं नाही का तिला?" मी म्हटलं. "मी विचारलं असतं तर काय सांगणार होती?"

"विचारलं ना. म्हणली, ते तिनं विचारलं असतं तं तिलाच सांगितलं असतं."

भाभी गेल्या. मी तुझ्या स्टुलावर बसून राहिले. म्हणजे वर्षभर तू माझ्यावर रुसली होतीस आणि मी तुझ्यावर, आणि दोघींचं कारण एकच. आणि नंतरच्या दीड वर्षात, कात्रीचा आवाज ऐकताना, माझ्याशी भांडताना, माझे कान तपासायला लावताना, तू सगळं जाणून होतीस. मी आपणहून सांगेन म्हणून थांबली असशील. त्या शेवटच्या पाच मिनिटांत माझ्या ओठांकडे बघत होतीस तेव्हा कदाचित तेच बघत होतीस. आणि मी म्हणाले, बरी होशील.

तू काय सांगितलं असतंस, हे मला आता कधीच कळणार नाही. ठेव म्हणाली असतीस की नको म्हणाली असतीस, ते तुझ्याबरोबर गेलं. त्याच्यावाचून जगायला मी शिकेन. पण तू हे मनात घेऊन गेलीस, की ज्या पोरीला तू वाढवलंस तिने एवढ्या मोठ्या गोष्टीत तुला मोजलं नाही. हे मला सहन होत नाही, आत्या.

मी आले होते. त्या दुपारी मी तुझ्या दारात उभी होते, तू जांभळं कापड शिवत होतीस. नियम मोडून आत यायला हवं होतं, तुझ्या पुढ्यात बसायला हवं होतं, ते केलं नाही. पण जगात दुसऱ्या कुणाकडेही गेले नव्हते. फक्त तुझ्याकडे आले होते.

मी तुला विचारलं होतं गं.